जुना आरमारी कोट : पारख कशी करावी?

आपल्या कोकणात, विशेषतः रोहा, पेण, निडी, नागोठणे या पट्ट्यात जहाजावर नोकरी केलेली पिढी अनेक घरांत होती. त्यांच्या पेट्यांतून निघालेले जाड लोकरीचे कोट पुष्कळदा वजनावर भंगारात जातात. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटला हेच कोट वेगळे काढून ठेवलेले दिसतात. विकणाऱ्याला माल ओळखता आला नाही तर नफा दुसऱ्याच्या पदरात जातो. म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांसाठी ही माहिती.

कापड : खलाशांच्या डबल ब्रेस्ट कोटाला ‘पी-कोट’ म्हणतात. ‘पी’ हा जाड लोकरीच्या कापडासाठीच्या डच शब्दावरून आला आहे. आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळावा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते व राख बोटांनी चुरडते. धागा वितळून कडक मणी झाला तर त्यात कृत्रिम धागा आहे.

बटणे : नांगराचे चिन्ह जवळजवळ प्रत्येक आरमारी बटणावर असते. त्यामुळे नांगराच्या वर काय आहे ते पाहावे. हिंदुस्थानी आरमाराचे नाव १९३४ ते १९५० पर्यंत ‘रॉयल इंडियन नेव्ही’ होते. २६ जानेवारी १९५० पासून मुकुट गेला व अशोकस्तंभाचे सिंह आले. तेव्हाच जहाजांच्या नावामागचे ‘एच.एम.आय.एस.’ जाऊन ‘आय.एन.एस.’ आले. टोपीची फीत सापडली तर हे आधी वाचावे. ब्रिटिश बटणावरील मुकुटाच्या कमानी बाहेरून गोलाकार असतील तर तो राजाचा, म्हणजे १९५२ पर्यंतचा. कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतील तर तो राणीच्या काळातला. मात्र २०२२ नंतर ब्रिटनने पुन्हा गोल कमानीचा मुकुट स्वीकारला आहे, हे ध्यानात ठेवावे. बटणाच्या पाठीवर फर्मिन, गॉन्ट अशा कारखानदारांची नावे सापडतात.

अमेरिकन कोट : बटणावर नांगराभोवती १३ तारे असतील तर कोट साधारणपणे दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा धरावा. महायुद्धातील कोटांच्या खिशाला आतून कॉर्डुरॉय लावलेले आढळते. पुढच्या काळात चिठ्ठीवरच साल मिळते. ‘डी.एस.ए. १००-६८-सी’ असे असेल तर ६८ म्हणजे १९६८ चा करार. हे खाते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७७ पर्यंत त्या नावाने होते. नंतर ‘डी.एल.ए.’ झाले.

बाहीवरील फिती : अधिकाऱ्याच्या कोटावर सरळ सोनेरी फितीला वर कडी असेल तर तो कायम सेवेतला. लाटेसारखी फीत म्हणजे स्वयंसेवक राखीव दल, गुंफलेली फीत म्हणजे व्यापारी जहाजांवरून आलेला राखीव अधिकारी. हिंदुस्थानी आरमारातही महायुद्धात हीच पद्धत होती. फितींमधील जांभळा रंग इंजिनियरचा, लाल डॉक्टरचा, पांढरा हिशेबनिसाचा.

जोडलेला माल : नव्या कोटावर जुनी बटणे शिवून विकण्याचा प्रकार चालतो. म्हणून बटण हलवून खालचे कापड पाहावे. बटण मूळचे असेल तर त्याखालचा रंग गडद राहतो. जुनी टाक्यांची भोके, वेगळा दोरा किंवा काजापेक्षा लहान बटण दिसले तर शंका घ्यावी. एका खुणेवर साल ठरवू नये. कापड, बटण व चिठ्ठी तिन्ही जुळल्या तरच बोलावे.

जतन : पितळी बटण घासून चमकवू नये, जुनेपणाची किंमत जाते. कोट पाण्यात धुऊ नये. ब्रश मारून, सावलीत वारा देऊन, कडुनिंबाचा पाला घालून ठेवावा.

कायदा : फौजी असल्याचे भासवण्यासाठी असा गणवेश घालणे गुन्हा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलाकुसरीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. अशी वस्तू परदेशी पाठवण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे विचारपूस करावी.

बटण बदललेले असेल तर तसे सांगून विकावे. ऐब दाखवून विकलेल्या मालाचे गिऱ्हाईक परत येते.