अंतर्कीलन
रक्तप्रवाहाबरोबर वाहत आलेला क्लथ (रक्ताची गुठळी), मेदकण, वायूचा बुडबुडा इत्यादींमुळे रक्तवाहिनी बंद होणे, यास अंतर्कीलन म्हणतात. अडकलेल्या पदार्थास अंतर्कील ही संज्ञा आहे. जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडोल्फ फिरखो यांनी १८४६ च्या सुमारास कुत्र्यांच्या नीलांत रबराचे तुकडे सोडून ते फुप्फुसांत पोहोचतात, असे दाखविले.

अंतर्कील कोठे अडकेल हे मुख्यतः त्याच्या उगमावरून ठरते. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या पायातील खोल नीलांत रक्तप्रवाह मंदावून क्लथ बनू शकतो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णास लवकर चालविण्याचे हे एक कारण होय. सुटलेला क्लथ उत्तरोत्तर रुंद होणाऱ्या नीलांतून हृदयाच्या उजव्या भागात विनाअडथळा जातो. वाहिन्या पुन्हा अरुंद होतात त्या फुप्फुसातच. तेथे मोठा अंतर्कील अडकल्यास काही मिनिटांतही मृत्यू ओढवू शकतो.

हृदयाच्या डाव्या भागातील क्लथ मात्र मेंदू, मूत्रपिंड, आतडे वा पाय यांकडे जातो. रक्ताविना मेंदूतील कोशिका काही मिनिटांतच मरू लागतात. सु. २५% प्रौढांत दोन्ही अलिंदांमधील गर्भावस्थेतील छिद्र पूर्ण बुजलेले नसते. त्यातून नीलेतील क्लथ क्वचित डावीकडे जाऊन मेंदूत पोहोचतो. अशा पक्षाघाताचे मूळ पायात असल्याचे सहसा चटकन ध्यानात येत नाही.