राउटरने उत्तर दिले नाही, म्हणून तो बंद नसतो

नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या टर्मिनलवर 'एसएनएमपीवॉक' ही आज्ञा रोजच्या वापरातली. नेट-एसएनएमपी या मुक्त सॉफ्टवेअर संचासोबत ती येते. राउटर, स्विच, प्रिंटर, यूपीएस अशा उपकरणांत बसलेल्या एजंटला यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर एकामागून एक प्रश्न विचारायचे आणि उत्तरे ओळीने पडद्यावर मांडायची, एवढेच तिचे काम. ते इतके सरळ दिसते, की पडद्यावर आलेल्या आकड्याचा अर्थही सरळच असेल असे नवीन माणूस धरून चालतो.

पहिली चूक होते ती 'टाइमआउट' ही ओळ वाचताना. ती दिसली की उपकरण बंद पडले, असे समजून धावपळ सुरू होते. पण एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत आणि २सी आवृत्तीत कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे तिथला परवलीचा शब्द, चुकला तर एजंट नकार कळवत नाही. विनंती टाकून देतो आणि गप्प राहतो. मधल्या फायरवॉलने पाकीट अडवले, किंवा उपकरणाच्या परवानगीच्या यादीत तुमचा पत्ता नसला, तरी पडद्यावर तीच ओळ येते. आज्ञा आपणहून एकेक सेकंद थांबून पाच वेळा पुन्हा विचारते आणि मग हात टेकते. त्यामुळे आधी पिंग करून पाहावे, मग कम्युनिटी तपासावी, आणि उपकरणाकडे त्यानंतर वळावे.

दुसरा समज असा, की नुसता पत्ता आणि कम्युनिटी दिली की उपकरणातले सगळे बाहेर येते. तसे होत नाही. कुठून सुरुवात करायची ते सांगितले नाही तर ही आज्ञा १.३.६.१.२.१ या प्रमाणित शाखेपुरतीच फिरते. कंपन्यांची स्वतःची माहिती १.३.६.१.४.१ या वेगळ्या शाखेखाली असते. अनेक उपकरणांचे तापमान, पंख्यांची स्थिती, प्रोसेसरवरचा ताण तिथेच सापडतो. ती शाखा नाव घेऊन मागावी लागते. त्यासाठी कंपनीची एमआयबी फाइल हवीच, हाही गैरसमज. ती फाइल आकड्यांना नावे देते, मूल्यांचा अर्थ लावायला मदत करते. मूल्ये तिच्यावाचूनही येतात, फक्त क्रमांकांच्या लांबलचक माळेसकट.

आता काउंटर. इथे होणारी चूक पडद्यावर दिसतच नाही, म्हणून तिच्याकडे मी सर्वांत गंभीरपणे पाहतो. 'इफ-इन-ऑक्टेट्स' हा आकडा म्हणजे सध्याचा वेग, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती इंटरफेसवर आलेल्या बाइट्सची चढती मोजणी असते. वेग हवा तर दोन वाचनांमधला फरक घ्यायचा, आठने गुणायचा आणि मधल्या सेकंदांनी भागायचा. शिवाय हा काउंटर ३२ बिटांचा आहे. ४,२९,४९,६७,२९६ बाइट्स मोजून झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. पूर्ण भरलेल्या एक गिगाबिटच्या लिंकवर हे साधारण ३४ सेकंदांत घडते. दर पाच मिनिटांनी वाचन घेतले तर मधल्या काळात तो आठ वेळा शून्यावर येऊन गेलेला असतो, आणि दोन वाचनांच्या फरकात त्या आठ फेऱ्यांचा मागमूस राहत नाही. हिशेब केला तर वेग निघतो सुमारे ८४ मेगाबिट. लाइन तुडुंब भरलेली, वापरणारे तक्रार करताहेत, आणि आलेख सांगतो की नव्वद टक्क्यांहून अधिक जागा मोकळी आहे! यावर उपाय 'इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स' हा ६४ बिटांचा काउंटर. पहिल्या आवृत्तीला ६४ बिटांचे काउंटर वाहून नेता येत नाहीत, म्हणून किमान २सी वापरावी लागते.

'सिस-अप-टाइम'चेही असेच. उपकरण किती दिवस सुरू आहे, ते यातून कळते असे मानतात. व्याख्येप्रमाणे ही वेळ नेटवर्क व्यवस्थापनाचा भाग, म्हणजे एजंट, शेवटचा सुरू झाल्यापासूनची असते. लिनक्स सर्व्हरवर एसएनएमपी सेवा पुन्हा सुरू केली की सर्व्हर जागचा न हलताही ही वेळ शून्यापासून मोजली जाते. मोजणी सेकंदाच्या शंभराव्या भागात आणि ३२ बिटांत, त्यामुळे सुमारे ४९७ दिवसांनी ती आपोआप शून्यावर येते. रात्रीतून राउटर रीबूट झाला, असा निष्कर्ष काढण्याआधी त्याचा स्वतःचा लॉग पाहावा.

वॉक केल्याने उपकरणातले काही बदलेल, ही भीती मात्र निराधार आहे. बदल करणारी आज्ञा 'एसएनएमपीसेट'. पण मोठ्या राउटरचा अख्खा राउटिंग तक्ता ओढून घेतला तर त्याच्या प्रोसेसरवर भार पडू शकतो, म्हणून हवी तेवढीच शाखा मागावी. लांब तक्त्यांसाठी 'एसएनएमपीबल्कवॉक' बरी. ती एका विनंतीत अनेक मूल्ये आणते.

सुरक्षिततेबाबत दोन टोकाचे समज आढळतात. कम्युनिटी अवघड ठेवली की झाले, हा एक. २सीपर्यंत ती प्रत्येक पाकिटातून उघडीच जाते. वाटेत पाकिटे टिपणाऱ्याला ती सरळ वाचता येते. तिसरी आवृत्ती घेतली की सगळे कूटबद्ध झाले, हा दुसरा. २००२ मध्ये पूर्ण मानक ठरलेल्या या आवृत्तीत सुरक्षेच्या तीन पातळ्या आहेत. पहिलीत ओळख पटवणेही नाही आणि कूटबद्धीकरणही नाही. दुसरीत ओळख पटते, पण मजकूर उघडाच राहतो. दोन्ही हवे असेल तर आज्ञेत 'ऑथप्रिव्ह' ही पातळी सांगावी लागते, आणि उपकरणावरही त्या वापरकर्त्याला त्याखालची पातळी चालणार नाही असे ठरवून ठेवावे लागते.