शुभेच्छापत्रांतून बालहक्कांकडे

संयुक्त राष्ट्रसंघाने १९७९ हे वर्ष आंतरराष्ट्रीय बालवर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी मुंबईत, विमानसेवेत नोकरी करणारे रिप्पन कपूर व त्यांचे सहा मित्र यांनी घरातील जेवणाच्या टेबलाभोवती बसून, अवघ्या ५० रुपयांच्या भांडवलावर ‘चाइल्ड रिलीफ अँड यू’ अर्थात ‘क्राय’ ही संस्था सुरू केली.

कपूर यांनी स्वतः अनाथालय काढले नाही. मदतीची इच्छा असूनही मार्ग न सापडलेला शहरी मध्यमवर्ग एकीकडे, आणि खेड्यांत व झोपडवस्त्यांत निधीअभावी अडलेल्या लहान संस्था दुसरीकडे, यांना जोडण्याचे काम त्यांनी पत्करले. त्यासाठी शुभेच्छापत्रांचा मोठा उपयोग झाला. दिवाळी व नववर्षानिमित्त कुटुंबे आणि कंपन्या ही पत्रे घेत. घेणाऱ्यास वस्तूचा मोबदला मिळे, दान केल्याचा तोरा त्यात नसे आणि पत्रासोबत संस्थेचे नावही घरोघर जाई. पुढे कागदी पत्रांची चाल मागे पडली व व्यक्तिगत देणगीदारांच्या वर्गणीस महत्त्व आले.

कपूर यांचे १९९४ मध्ये निधन झाले. तत्पूर्वी, १९८९ मध्ये बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला होता व १९९२ मध्ये भारताने तो स्वीकारला होता. संस्थेने २००६ मध्ये आपल्या नावातील ‘रिलीफ’ काढून ‘राइट्स’ हा शब्द घेतला. हा बदल केवळ नावापुरता नव्हे. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी शाळा सोडणाऱ्या मुलीला दप्तर दिले, तरी ती शाळेत येईलच असे नाही. वस्तीत अंगणवाडी चालू झाली तर येईल. मात्र अंगणवाडीसाठी पालकांना एकत्र आणणे, अर्ज करणे, पाठपुरावा करणे यांस कार्यकर्त्याचे मानधन लागते, आणि ‘माझ्या पैशांत किती दप्तरे आली?’ असे विचारणाऱ्या देणगीदारास हा खर्च पटवणे सोपे नसते. हक्कांच्या कामाची खरी अडचण येथेच आहे. करुण चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून पैसा लवकर जमतो, परंतु त्यात बालकाच्या प्रतिष्ठेला धक्का बसतो. संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास तर बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये मनाईच आहे.

शिक्षण हा मूलभूत हक्क व्हावा या मागणीत अन्य संस्थांबरोबर ‘क्राय’ही सहभागी होती. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली, २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, तर निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. अशा समितीत किंवा ग्रामसभेत एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता पटसंख्येविषयी प्रश्न विचारू लागला, तर त्यास विरोधक समजण्याचे कारण नाही. कायद्याने दिलेल्या जागेचाच तो उपयोग करीत असतो.

परकीय देणगी घेणाऱ्या संस्थेस ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास २०२० च्या कायदादुरुस्तीने बंदी झाली. त्यामुळे लहान संस्थांना निधी पुरविण्याच्या या पद्धतीत देशांतर्गत देणगीचे मोल वाढले आहे. गावात वर्गणीसाठी कोणी आल्यास सरपंचांनी व मुख्याध्यापकांनी नोंदणी क्रमांक, लेखापरीक्षित हिशेब व पावती अवश्य पाहावी. आयकरातील सवलत हवी असेल, तर २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने न देता बँकेमार्फत द्यावी.