बयाण्याची नीती

पावसाळा सरला की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवर वीटभट्टीला जायची आवराआवर सुरू होते. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं टेम्पोत चढतात आणि बिऱ्हाड भिवंडी, कल्याण, पनवेलकडे निघतं. जायचं हे मात्र पावसाळ्यातच ठरलेलं असतं. घरातले दाणे संपलेले असतात, रानात काम नसतं, अशा दिवसांत मालकाचा माणूस वाडीवर येऊन बयाणा देतो. मग नवरा-बायको मिळून सहा-सात महिने विटा पाडतात, त्यांच्या अंगमेहनतीवर बयाणा फिटायचा असतो. आठवड्याची खर्ची वहीत चढत जाते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि अनेकदा मजुराकडेच बाकी निघते. वही मालकाची, आकडेही त्याचेच.

हा मजूर पळून का जात नाही, असं शहरातला वाचक विचारतो. भीती हे त्याचं एक उत्तर आहे आणि ते खोटं नाही. पण वाडीवर त्याहून वेगळं उत्तर ऐकू येतं: घेतलंय तर फेडायला नको? मला हे उत्तर भीतीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. अडाण्याला नीती-अनीती कळत नाही म्हणून तो नाडला जातो, हा आपला लाडका समज आहे. इथे नेमकं उलटं घडतं. त्याला नीती कळते, आणि त्याच कळण्याला धरून त्याला बांधता येतं.

ठाणे जिल्ह्यात हे जुनं आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई सरकारने आदिवासींच्या स्थितीची चौकशी डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडे सोपवली होती. 1939 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात लग्नगड्यांची हकिकत येते. लग्नाला सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबायचं, बहुतेकदा बायकोसकट. कर्जाचं निमित्त लग्न होतं, हे विसरू नये. आदिवासी समाजात वरपक्षाने मुलीच्या बापाला देज द्यायचं असतं आणि जातभाईंना जेवू घालायचं असतं. गावाला न जेवू घालता पाठवणं ही नाचक्की. म्हणजे पाहुणचार करावा, घेतलेलं परत करावं, या दोन चांगल्या समजुतींच्या मधोमध सावकार बसला होता.

कायद्याने हे नातं तोडलं. वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा अध्यादेश ऑक्टोबर 1975 मध्ये निघाला आणि 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. त्यानुसार वेठबिगार त्या क्षणी मोकळा झाला आणि ज्या कर्जापायी तो बांधला गेला, ते फेडण्याची जबाबदारीही संपली. पुढे 1983 मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, सक्तीने काम करून घेतलं जात असेल तर त्यामागे उचल असणार असं गृहीत धरावं. तसं नसल्याचं मालकाने दाखवावं. कागदावर याहून स्पष्ट काय हवं? पण कर्ज रद्द करता येतं, ऋण रद्द करता येत नाही. सरकारने माफ केलं म्हणून मी दिलेला शब्द कसा मोडू, हा प्रश्न तहसीलदाराच्या मुक्तीच्या दाखल्याने सुटत नाही.

विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची श्रमजीवी संघटना 1982 पासून या जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढत आली आहे. अशा कामात मालकाचा विरोध दिसतो, त्याच्याशी दोन हात करता येतात. मजुराच्या मनातला मालक दिसत नाही. मजुराला कर्ज बुडव म्हणून सांगितलं तर तो दुखावतो. इतकी वर्षं राबलास त्याचे किती झाले, असं विचारलं तर मात्र तो बोटं मोजायला लागतो. फेडण्याचं मूल्य तसंच राहतं, फक्त कोण कोणाचं देणं लागतो याचा हिशेब उलटतो. माझ्या मते बदल घडतो तो इथेच.

नीतीच्या अशा हिशेबाबद्दल जगभर बरंच लिहिलं गेलं आहे. आपला कायदा आला त्याच 1976 साली जेम्स स्कॉट या अमेरिकन अभ्यासकाचं आग्नेय आशियातल्या शेतकऱ्यांवरचं पुस्तक निघालं. त्याचं म्हणणं असं की, काठावर जगणारा शेतकरी जमीनदाराने किती नेलं यापेक्षा मागे किती ठेवलं हे पाहतो. पावसाळ्यात खावटी देणारा मालक त्याच्या लेखी वाईट नसतो, अडचणीला पाठ फिरवणारा वाईट. आपल्याकडच्या ‘मालक देवमाणूस आहे’ या वाक्याचा उलगडा मला स्कॉटमुळे थोडा झाला. दिलेल्या शब्दाचं वजनही सगळीकडे सारखं नसतं. जोन मिलर आणि डेव्हिड बर्सोफ यांनी 1992 मध्ये म्हैसूर आणि अमेरिकेतल्या लोकांपुढे सारखेच पेच ठेवले. मित्राच्या लग्नात अंगठी पोचवायची आहे, पाकीट चोरीला गेलं आहे, तर दुसऱ्याचं रेल्वेचं तिकीट उचलावं का? भारतीयांचा कौल अमेरिकनांपेक्षा जास्त वेळा मित्राला दिलेल्या शब्दाच्या बाजूने पडला. चोरी वाईट हे दोघांनाही मान्य होतं, प्रश्न होता तो अधिक वाईट काय याचा.

आता उलट बाजूने, सुशिक्षितांच्या नीतीकडे पाहू. वारली, ठाकूर, कातकरी यांच्यात जोडपी अनेकदा लग्नाआधी एकत्र नांदू लागतात. खर्चाची सोय झाली की लग्न लागतं, कधी पोरांच्या देखत. वारल्यांत ते लावते धवलेरी, म्हणजे बाईच. लग्नाआधी असं नांदण्याला गावाची ना नसते. आसनगाव-वासिंदहून लोकल पकडणाऱ्या वर्गाला मात्र हे ऐकून कसंसंच होतं, आणि तोच वर्ग लेकीच्या लग्नात ‘मुलाकडच्यांची हौस’ म्हणून हुंडा बिनबोभाट देतो. मुलीच्या बापाला पैसे मिळाले की ती विक्री आणि मुलाच्या बापाला मिळाले की ती रीत, हे तर्कशास्त्र मला अजून उमगलेलं नाही. अर्थात देजामुळेही बाई सासरी अडकते, तेव्हा त्याचं कौतुक करायलाही मी तयार नाही.

हाच दुटप्पीपणा पाण्याच्या बाबतीतही दिसतो. 1892 पासून तानसा धरण मुंबईला पाणी पुरवतंय, नंतर भातसाही आलं, दोन्ही शहापूर तालुक्यात. उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. जलवाहिनीला कुणी भोक पाडलं तर तो चोर, यावर मुंबईकराचं दुमत नसतं.

पण नीतीचा एखादा नियम नीतीच्याच आडोशाने मोडताही येतो. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा बहुतेकांनी टीव्हीवर पाहिली असेल. 8 मार्च 2016 रोजी ती सुरू झाली, शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने. साठी ओलांडलेल्या बाया गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन येतात. त्यांत विधवाही आहेत आणि त्यांच्याही अंगावर तोच गुलाबी रंग असतो. एरवी यावरून गावात कुजबुज झाली असती. पण आजींना मुळात वाचायची होती पोथी. देवाधर्माच्या ओढीने निघालेल्या म्हातारीला कोण अडवणार? रंगाचा नियम शाळेच्या गणवेशाखाली गपचूप मोडला. बँकेची कागदपत्रं वाचायची म्हणून या बाया घराबाहेर पडल्या असत्या, तर सुनांनी आणि लेकांनी इतक्या कौतुकाने दप्तर हाती दिलं असतं का, याची मला शंका आहे. आता त्यांना सही येते, अंगठा उठवावा लागत नाही. भट्टीवर वहीसमोर बसणाऱ्या कातकरी बाईला असं निमित्त अजून सापडलेलं नाही, आणि शाळा भरते त्या दुपारी ती विटा पाडत असते.