कोरगावची दमट हवा आणि वातानुकूलन यंत्राचे माप

वातानुकूलन यंत्र घ्यावयास गेलेल्या गिऱ्हाइकास दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो खोलीच्या लांबी-रुंदीचा. दहा बाय बारा म्हटले की १ टन, त्याहून मोठी असली की दीड टन, सभागृह असले की दोन-दोन टनांची दोन, हिशेब संपला. हा आडाखा अगदीच टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु तो खोली मोजतो, खोलीतील हवा मोजत नाही; आणि आमच्या पेडणे तालुक्यात खरी मेख हवेतच आहे. उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि वर चार महिने पाऊस, अशा भूमीत आमचे कोरगाव वसलेले आहे. येथे मीठ पाझरते, पापड सादळतो, कपाटातील पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते. उद्या ग्रामस्थांच्या वर्गणीतून एखाद्या शाळेच्या संगणककक्षास यंत्र बसवावयाचे ठरले, तर वर्गणीचा पैसा कारणी लागावा एवढ्यासाठी तरी त्याचे माप कसे काढतात हे आपणांस ठाऊक असले पाहिजे.

प्रथम ‘टन’ म्हणजे काय ते पाहू. हे यंत्राचे वजन नव्हे. बर्फाच्या लाद्यांवर थंडावा मिळवीत त्या काळातील हा शब्द आहे. २००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची शक्ती म्हणजे १ टन. आजच्या मापाने ती सुमारे ३५०० वॅट, अर्थात सेकंदास ३५०० ज्यूल भरते.

आता ही उष्णता खोलीत असते तरी कोणत्या रूपात? एक रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. तापमापकाचा पारा चढतो, अंगास ऊब लागते. हिला आपण प्रकट उष्णता म्हणू. दुसरे रूप फसवे आहे. पाण्याची वाफ होताना ते पुष्कळ उष्णता पोटात घेते, आणि तरीही वाफेचे तापमान त्यामुळे वाढत नाही. इ. स. १७६० नंतरच्या काही वर्षांत ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने ही गोष्ट प्रयोगाने दाखवून दिली, व या उष्णतेस गुप्त उष्णता हे नाव पडले. हवेतील १ ग्रॅम बाष्पाचे पुन्हा पाणी करावयाचे तर सुमारे २४५० ज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. उलटपक्षी १ किलो हवा १ अंशाने थंड करण्यास सुमारे १००० ज्यूल पुरतात. एका ग्रॅमभर बाष्पाचा भार एक किलो हवेच्या अडीच अंशांबरोबर आहे!

या आकड्यांचा अर्थ ध्यानी यावा म्हणून दोन गावांची तुलना करू. मे महिन्यातील दुपारी नागपूरची हवा ४३ अंश सेल्सिअस तापली असून तिची सापेक्ष आर्द्रता २० टक्के आहे असे समजा. त्याच वेळी कोरगावी ३३ अंश तापमान व ६५ टक्के आर्द्रता आहे असे धरा. दोन्ही ठिकाणची हवा आपणांस २४ अंश व ५५ टक्के आर्द्रता या सुखकर अवस्थेस आणावयाची आहे. नागपूरच्या १ किलो हवेतून १९ अंशांची प्रकट उष्णता, म्हणजे सुमारे १९ हजार ज्यूल काढावे लागतील. तिच्यात बाष्प मात्र अवघे ११ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हवे त्याहून जेमतेम १ ग्रॅम अधिक. एकूण साडेएकवीस हजार. कोरगावच्या हवेतून प्रकट उष्णता काढावयाची ती केवळ ९ हजार ज्यूल. परंतु तिच्यात बाष्प आहे सुमारे पावणेएकवीस ग्रॅम, व आपणांस हवे सव्वादहा. वरचे साडेदहा ग्रॅम निथळावयाचे म्हणजे पावणेसव्वीस हजार ज्यूल! एकूण सुमारे ३५ हजार. नागपूरपेक्षा दहा अंशांनी थंड असलेली आमची हवा यंत्रास दीडपटीहून अधिक राबविते, ते यामुळे. विदर्भात घरोघरी दिसणारा वाळ्याचा कूलर येथे का चालत नाही, याचेही उत्तर यातच आहे. तो हवेत पाणी मिसळून तिला थंड करतो. आमच्या हवेस आणखी पाणी कशाला?

आता त्या संगणककक्षाचा हिशेब मांडू. वीस माणसे बसली आहेत. बसून हलके काम करणारा माणूस सुमारे ७० वॅट प्रकट व ४५ वॅट गुप्त उष्णता हवेत सोडतो. म्हणजे १४०० आणि ९००. कोंदटपणा येऊ नये म्हणून माणशी सेकंदास ५ लिटर बाहेरची हवा आत घेतली, तर सेकंदास सुमारे ११५ ग्रॅम हवा येईल. तिचे वर काढलेल्या प्रमाणात १०५० वॅट प्रकट व २९५० वॅट गुप्त. छप्पर, चिऱ्यांच्या भिंती व खिडक्यांतून येणारी उष्णता २००० वॅट धरू, संगणक व दिवे मिळून १००० वॅट. या दोहोंत गुप्त उष्णता नाही. बेरीज केली तर प्रकट ५४५० व गुप्त ३८५०, एकूण ९३०० वॅट, अर्थात सुमारे २.६५ टन. मग ३ टनांचे यंत्र पुरे, असे कोणीही म्हणेल.

येथेच गफलत होते. यंत्राची शक्ती या दोन कामांत कशी वाटली जाते हे पाहिल्यावाचून निर्णय करता येत नाही. बाजारातील सामान्य यंत्र आपल्या शक्तीचा सुमारे ७० टक्के भाग हवा थंड करण्यात व ३० टक्के पाणी निथळण्यात घालविते. ते चालू-बंद होते थर्मोस्टॅटच्या आज्ञेने, आणि थर्मोस्टॅटला फक्त तापमान कळते, ओलावा कळत नाही. ५४५० वॅट प्रकट उष्णता काढून झाली की यंत्र थांबणार; तोवर ७०-३० च्या प्रमाणात त्याने गुप्त उष्णता काढली असेल सुमारे २३५० वॅट. हव्या होत्या ३८५०. उरलेला ओलावा खोलीतच राहतो, व आर्द्रता ५५ टक्क्यांवर न थांबता बरीच वर चढते.

“मग ५ टनांचे यंत्र बसवा” हा सल्ला तर अधिकच घातक. वाटणीचे प्रमाण तेच राहते. मोठे यंत्र प्रकट उष्णता झटपट काढते आणि लवकर थांबते. त्याच्या थंड नळ्यांवर जमलेले पाणी ओघळून बाहेर जाण्यापूर्वीच यंत्र बंद पडले व पंखा मात्र फिरत राहिला, तर ते पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत परतते. पैसा अधिक, वीज अधिक, आणि खोली थंडगार पण ओलसर. पाटीवरील तारे विजेची काटकसर सांगतात. पाणी किती निथळेल, याविषयी ते मूक असतात.

श्रावणात परिस्थिती आणखी बिकट होते. बाहेर २७ अंश व ९० टक्के आर्द्रता असली, तर उन्हाचा भार जवळजवळ नाहीसा होतो, पण हवेतील बाष्प किलोमागे २० ग्रॅमच राहते. अशा दिवशी गुप्त उष्णता प्रकट उष्णतेहून भारी ठरते. ज्या ऋतूत पुस्तकांस यंत्राची सर्वांत अधिक गरज, त्याच ऋतूत ते सर्वांत कमी चालते. मौज अशी की आधुनिक वातानुकूलनाचा जन्मच ओलाव्यावरील उपायातून झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे व रंग एकमेकांवर नीट बसत नसत. त्यावर तोडगा म्हणून विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हे यंत्र योजिले. माणसांच्या सुखाचा विचार पुढचा.

तर करावे काय? आमच्या मते पहिला खर्च यंत्रावर नव्हे, दारे-खिडक्यांच्या फटी बुजविण्यावर व्हावा; कारण फटीतून येणाऱ्या प्रत्येक किलो हवेबरोबर साडेदहा ग्रॅम आगंतुक पाणी आत येते. दुसरे म्हणजे, निर्मात्याकडून क्षमतेचा तक्ता मागून घ्यावा व त्यातील एकूण शक्ती आणि प्रकट शक्ती हे दोन्ही आकडे आपल्या बेरजेशी ताडून पाहावेत. पंख्याची गती कमी ठेवली की नळ्या अधिक थंड होतात व पाणी अधिक निथळते. मोठ्या इमारतींत बाहेरची हवा आत घेण्यापूर्वीच वेगळ्या यंत्रातून निथळून घेण्याची पद्धत आहे. लहान खोलीत ओलावा शोषणारे निराळे यंत्र तेच काम करते, मात्र ते खोली थोडी तापविते, हे हिशेबात धरावे. छपरास सावली करणे चांगलेच, वीज वाचते; पण त्याने प्रकट भार घटतो, गुप्त भार तसाच राहतो, आणि पाण्याचा प्रश्न उलट ठळक होतो.

हे सारे कागदावरचे गणित वाटत असेल, तर एक बादली व घड्याळ घेऊन पडताळा पाहता येईल. यंत्राच्या निचऱ्याच्या नळीखाली बादली ठेवून तासभरात किती पाणी जमते ते मोजावे. तासाला १ लिटर पाणी म्हणजे सुमारे ६८० वॅट गुप्त उष्णता बाहेर गेली. ५ लिटर म्हणजे जवळजवळ १ टन. आपल्या संगणककक्षास ३८५० वॅट हवे, तर बादलीत तासाला साडेपाच लिटरांहून थोडे अधिक पाणी पडावयास हवे. साडेतीनच पडत असेल, तर उरलेले दोन लिटर कोठे राहिले हे शोधण्यास फार लांब जावयास नको. भिंतीजवळच्या कपाटातील वह्या उघडून पाहाव्यात.