लेकरांचं कोण ठरवतं?

घर आणि घरातली माणसं : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण शेतीच्या वाटण्या पाहिल्या. तिथं एक प्रश्न शिल्लक राहिला. ज्या घरात वाटणी मागायला पुढची पिढीच नाही, आणि तसं नवराबायकोनं समजून-उमजून ठरवलेलं आहे, त्या घराचं काय?

या प्रश्नाकडे मी बुलढाणा जिल्ह्यातून बघणार आहे. आईपणाला इतका मान देणारा दुसरा जिल्हा शोधून सापडायचा नाही. सिंदखेडराजा इथलंच. १५९८ साली जिजाऊंचा जन्म तिथं झाला आणि दर १२ जानेवारीला तिथं माणसांचा पूर लोटतो. त्या दिवशीच्या भाषणांत जिजाऊ बहुतेक वेळा 'शिवबांच्या आई' एवढ्यापुरत्याच उरतात. कारभार पाहणाऱ्या, न्यायनिवाडे करणाऱ्या जिजाऊ मागे पडतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

याच जिल्ह्यानं ताराबाई शिंदेही दिल्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. ताराबाईंचं लग्न झालं, नवरा घरजावई म्हणून आला, मूलबाळ झालं नाही. ते ठरवून की नशिबानं, या वादात शिरण्यात अर्थ नाही. महत्त्वाचं आहे ते १८८२ साली त्यांनी लिहिलेलं 'स्त्री-पुरुष तुलना'. सुरतेकडच्या एका ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात मुलाचा जीव घेतल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढं ती कमी झाली. वर्तमानपत्रांनी त्यानिमित्तानं साऱ्या बायकांवर आग पाखडली आणि ताराबाईंनी लेखणी उचलली. त्या पुस्तकातून मी एक गोष्ट घेतो. आईला देवी म्हणणाऱ्या समाजानंच त्या बाईला आई होऊन जगणं अशक्य करून ठेवलं होतं. म्हणजे आईपण हवं, पण समाजाच्या अटीवर. कोणी आई व्हायचं, कधी व्हायचं, कितीदा व्हायचं, हे ठरवणारे सगळे तिच्या बाहेरचे.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा हिशेब आजही बदललेला नाही. मूल नको म्हणणाऱ्या जोडप्यावर लोक चिडतात ते मुलांवरच्या मायेपोटी नव्हे. जो निर्णय आजवर सगळ्यांनी मिळून घेतला, तो दोघांनीच घेतला म्हणून चिडतात.

चिखली, मेहकर, मलकापूर, गाव कोणतंही घ्या. लग्नाला वर्ष झालं की शेजारची काकू विचारणारच, "काहून वं, काही हाय का नाही?" तिसऱ्या वर्षी तोच प्रश्न सासूला जातो, "मायबाई, पायना हालला नाही अजून?" मग देवाला नवस, मग खामगावचा नाहीतर अकोल्याचा डॉक्टर. तपासायला आधी बाईलाच नेतात. नवऱ्याची तपासणी करू म्हटलं की घरातली पुरुषमाणसं उठून बाहेर जातात.

यातला सगळ्यात बोचरा प्रसंग डोहाळजेवणाचा. पाटावर बसलेली गरोदर पोर हिरव्या साडीत असते, बायका एकेक करून पुढं होतात, पदरात तांदूळ, नारळ, खारीक, हळकुंड घालतात. ज्या बाईला मूल नाही ती मागं भिंतीला टेकून उभी राहते. तिला कोणी जा म्हणत नाही, फक्त बोलावत नाही. ठरवून मूल न होऊ दिलेल्या बाईलाही तिथं तसंच उभं राहावं लागतं. म्हणूनच अशी कितीतरी जोडपी खरं सांगतच नाहीत. "प्रयत्न चालू आहेत" म्हणतात. लोकांची कीव सोसवते, पण 'स्वार्थी' हा शिक्का सोसवत नाही. यात किंमत बाई मोजते, कारण दोष तिच्यातच आहे असं गाव धरून चालतं. ज्यांना मूल हवं आहे आणि होत नाही, त्यांचं दुःख निराळं, आणि तेही याच नजरेनं वाढवलेलं.

मुलांवर माया म्हणावी, तर आकडे वेगळंच सांगतात. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८५५. दहा वर्षांपूर्वी त्या ९०८ होत्या. 'पोटी काहीतरी असावं' म्हणणाऱ्या घरांना नेमकं काय हवं होतं, ते यात दिसतं.

घर जसं ठरवतं तसं सरकारही ठरवतं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायतीचं सदस्यपद जाईल, असा कायदा महाराष्ट्रानं केला. २००५ साली सरकारी नोकरीलाही लहान कुटुंबाची अट आली. मुलं कमी असावीत असं सांगणारं हेच सरकार मूलच नको म्हणणाऱ्यापुढं मात्र अडखळतं. नसबंदीसाठी केंद्रानं घालून दिलेल्या मानकांत जोडप्याला निदान एक मूल हवं आणि ते वर्षाच्या वरचं हवं, अशी अट आहे. वैद्यकीय कारण असेल तरच सूट. जोडीदाराची संमती लागत नाही, पण मूल लागतं. तिशीतल्या नवराबायकोनं विचार करून सरकारी दवाखान्यात जाऊन ऑपरेशन मागितलं, तर ते या अटीत बसत नाहीत. तांबी, गोळ्या, निरोध हीच वाट उरते. सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली सुचिता श्रीवास्तव प्रकरणात स्पष्ट म्हटलं, की मूल होऊ देणं किंवा न देणं हा बाईच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि घटनेच्या २१ व्या कलमात तो येतो. हे तत्त्व आणि दवाखान्यातली अट यांचा मेळ अजून बसायचा आहे.

हे सगळं नव्या पिढीचं, शहरी खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी रघुनाथ धोंडो कर्वे आणि मालतीबाई यांच्याकडे पाहावं. १९२१ साली, लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं त्याच वर्षी, कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. दोघांनी मूल न होऊ देण्याचं ठरवलं होतं आणि ते पाळलं. घर आणि मासिक या ओढाताणीत मालतीबाईंच्या नोकरीचा आधार मोठा होता. कर्व्यांचं नाव घेताना मालतीबाईंना विसरणं मला पटत नाही. लोकांचे प्रश्न रोज तोंडावर झेलायला घरात बाईच असते.

आता गावातली खरी भीती. "म्हातारपणी तांब्याभर पाणी कोण देईल?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कपाशी-सोयाबीनच्या कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्याला निवृत्तिवेतन नसतं, पोरगा हीच त्याची पेन्शन. पण पोरगा चाकण-हिंजवडीला गेला की पाण्याचा तांब्या शेजारीच देतो, हेही गाव रोज पाहतं.

कायदा इथं उपयोगी पडतो आणि बहुतेकांना तो माहीत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मूल नसलेल्या माणसाचा वेगळा विचार केला आहे. साठीच्या पुढच्या, स्वतःचं भागवता न येणाऱ्या अशा माणसाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा त्याच्यामागं वारशानं ज्याला मिळणार आहे, त्या सज्ञान नातेवाइकाला त्याच्या निर्वाहाचा खर्च द्यावा लागतो. पुतण्याला काकाची शेती हवी असेल तर काकाचं म्हातारपणही त्याच्याकडे येतं. अर्ज प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणात करायचा. मूळ कायद्यात महिन्याला दहा हजारांपर्यंतची मर्यादा आहे.

दुसरी भीती अग्नी कोण देणार याची. सत्यशोधकांच्या घरात याचा निकाल १८९० सालीच लागला. जोतीराव-सावित्रीबाईंना मूल नव्हतं. एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला होता. २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलानं टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं मडकं, धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली. जो टिटवं धरतो तो वारशावर हक्क सांगतो, ही त्यामागची गोम. सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढं चालू लागल्या.

भाऊबंदांची ती गोम आजही सुटलेली नाही, आणि मूल नसलेल्या बाईला ती सगळ्यात जड जाते. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं पंधरावं कलम असं, की मूल नसलेली बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वकष्टाची मिळकत नवऱ्याकडे जाते, आणि नवरा हयात नसेल तर नवऱ्याच्या वारसांकडे. माहेरकडून वारशानं आलेली शेती तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरनं हाकलून दिलेल्या एका बाईनं माहेरी राहून शिक्षण घेतलं, नोकरी केली, पै-पै साठवली. ती गेल्यावर तिचं सगळं त्याच सासरच्या माणसांना मिळालं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं कायद्याच्या शब्दावर बोट ठेवून तसाच निकाल दिला.

देऊळगावराजातल्या एखाद्या शिक्षिकेनं पगारातून प्लॉट घेतला असेल, नवरा हयात नसेल, मूल नसेल, आणि तो आपल्या बहिणीला किंवा भाचीला जावा असं तिला वाटत असेल, तर नुसत्या वाटण्यानं तो जात नाही, दिराच्या नावावर चढतो. मृत्युपत्र हवं. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि ज्यांना मिळकत द्यायची ते साक्षीदार नसलेले बरे. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवावी, कारण पुढं फेरफार करताना भाऊबंदांच्या हरकतीला उत्तर देणं सोपं जातं.

मृत्युपत्राचा मजकूर कसा असावा आणि तलाठ्याकडे वारसनोंद कशी होते, ते पुढच्या लेखांकात पाहू.