हँडलच्या आठ फेऱ्या

भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात एखादी जुनी जीप विकायला निघाली की ‘लढाईतली आहे, गिअरबॉक्ससुद्धा ओरिजिनल’ हे हमखास ऐकायला मिळते. पुरावा म्हणून चेसिसचा नंबर दाखवतात. पण त्या नंबरावरून गिअरबॉक्सबद्दल काहीच कळत नाही. कॅमारोसारख्या अमेरिकन मसल कारच्या गिअरबॉक्सवर १९६८ पासून गाडीच्या नंबराचा काही भाग ठोकलेला असे. ‘नंबर जुळतात’ म्हणून तिकडचे हौशी जादा पैसे मोजतात ते त्यामुळे. युद्धकाळातल्या विलीज आणि फोर्ड जीपमध्ये गिअरबॉक्सला चेसिसशी बांधणारा असा नंबर नव्हता. मग जुळवायचे कशाशी?

दातांशी. युद्धातल्या जीपला वॉर्नर गिअर कंपनीचा टी-८४ गिअरबॉक्स होता. युद्धानंतरच्या नागरी जीपला टी-९० आला आणि महिंद्राच्या जुन्या सीजे-३बीमध्येही तोच. (वॉर्नर गिअर ज्या गावची, त्या इंडियानातल्या मन्सीचेच नाव पुढे जनरल मोटर्सच्या मसल कारच्या गिअरबॉक्सला पडले.) पहिल्या गिअरचे गुणोत्तर टी-८४ मध्ये २.६६५, टी-९० मध्ये २.७९८. फरक किरकोळ वाटतो, पण मोजता येतो. चाकांना दगड लावून मागचे एक चाक जॅकवर घ्यायचे, प्लग काढायचे, फोर-व्हील सोडून हाय रेंजमध्ये पहिला गिअर टाकायचा. हँडब्रेकही सोडायचा, कारण या जीपमध्ये तो चाकांना नव्हे, थेट शाफ्टला धरतो. ढिलाई काढून प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करायची आणि पुढचे हँडल आठ वेळा फिरवायचे. टी-८४ असेल तर शाफ्टच्या बरोबर तीन फेऱ्या होऊन खूण जागेवर येते. टी-९० असेल तर ती सुमारे पन्नास अंश मागे राहते. दातांमधल्या ढिलाईने एवढी चूक होत नाही.

कुणी म्हणेल, टी-८४ निघाला म्हणून तो याच जीपचा कशावरून? आक्षेप रास्त आहे. चाचणी जात सांगते, जन्म नाही. ‘हाच तो’ असा दावा युद्धकाळातल्या जीपच्या बाबतीत सिद्धच होत नाही, तेव्हा त्याचे वेगळे पैसे मोजू नयेत. उलट टी-९० निघाला म्हणजे फसवणूक झाली असेही नाही: सीजे-३बीत तोच मूळचा, आणि लढाईतल्या जीपमध्ये तो मजबुतीसाठी मागाहून बसवलेला असू शकतो.

ठोकलेला नंबर तरी कितपत विश्वासाचा? घासून नवा ठोकता येतो. मात्र ठोकताना अक्षराखालचे धातूचे स्फटिकही दबतात. वरचा थर घासला तरी आम्ल त्या दबलेल्या भागावर वेगळ्या गतीने चढते आणि जुना आकडा पुन्हा उमटतो. बिदरच्या वाचकाला यात नवल वाटू नये. बिदरी कारागिराची किल्ल्यातली माती आणि नवसागर जस्ताच्या मिश्रधातूला काळे करतात, चांदीला सोडून देतात. मात्र घासणे दबलेल्या थरापलीकडे खोल गेले असेल तर आम्लाचाही इलाज नाही. तरीही नंबराच्या जागी ग्राइंडरचे ताजे ओरखडे दिसले, तर भाव पाडायला तेवढे पुरे.